चित्रकलेच्या तासाला तो काय करतो?

वर्गात एखादे अंध, कर्णबधिर किंवा हातांवर पुरता ताबा नसलेले मूल असेल, तर गणित-भाषेच्या तासाला त्याच्यासाठी काही ना काही खटपट होते. विशेष शिक्षक येतात, ब्रेल पुस्तक मिळते, शेजारचा मुलगा मदतीला बसवला जातो. चित्रकलेचा किंवा संगीताचा तास लागला की ही खटपट थांबते. ‘तू बस आरामात’ असे प्रेमाने सांगितले जाते, आणि ते मूल चाळीस मिनिटे खरोखरच बसून राहते. गॅदरिंगच्या दिवशी त्याला पहिल्या रांगेत जागा मिळते, टाळ्या वाजवायला.

हा लेख अशा शाळांतल्या शिक्षकांसाठी, चित्रकलेचे आणि गाण्याचे क्लास चालवणाऱ्यांसाठी, भजनी मंडळांसाठी आणि आईवडिलांसाठी आहे. उदाहरणे वर्धा जिल्ह्यातली घेतली आहेत. युक्त्या मात्र कुठेही चालतील.

आधी कायद्याचे सांगून टाकतो, कारण पुढे अर्ज करताना तो लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. कलम १६ शाळांना सांगते की प्रवेशात भेदभाव करू नका आणि खेळ-करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्या. कलम २९ तर थेट कलेबद्दलच आहे. दिव्यांग कलावंतांना आणि लेखकांना साहाय्य, कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था, नृत्य आणि कलावर्गांतला सहभाग, आणि कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची फेररचना, असे सगळे त्यात लिहिलेले आहे. रॅम्पवर आपण पुष्कळ बोलतो. अभ्यासक्रमाच्या फेररचनेवर कोणी बोलत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. मूल वर्गात पोचते, पण त्याला दिलेले काम त्याच्यापर्यंत पोचत नाही.

वर्धेकरांना हे परके वाटायला नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम उभी राहिली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि पुढे बरीच वर्षे इथे राहिले. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हा विचार त्यांनी इथल्या मुलांबरोबर काम करत करत पक्का केला. त्यांचे पुस्तकही त्याच नावाचे आहे. त्या वर्गांत माती होती, कापूस होता, टकळी होती. ही साधने डोळ्यांना जितकी कळतात तितकीच बोटांनाही कळतात. त्या शाळा दिव्यांगांसाठी काढलेल्या नव्हत्या. पण कार्डशीट, पेन्सिल आणि ‘फळ्यावरचे चित्र पाहून काढा’ एवढ्यावर चालणाऱ्या आजच्या तासापेक्षा त्यांत अशा मुलाला शिरायला जास्त वाव होता.

आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, विचारा. कोणत्या उजेडात बरे दिसते, कोणत्या कानाने जास्त ऐकू येते, कोणता हात चालतो, किती वेळ बसवते, कशाची भीती वाटते. हे प्रश्न मुलाला विचारायचे. त्याला सांगता येत नसेल तर आईला. ‘याला काय झालंय?’ हा प्रश्न यात येत नाही. डॉक्टरी नाव कळून तुमचा तास सुधारणार नाही. आणि खासगी क्लासवाल्यांनी एक लक्षात ठेवावे: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, सरकारी लाभांसाठी लागते, चित्र काढण्यासाठी नाही. कार्ड हातात आल्यावर या, असे सांगून कुणाला परत पाठवू नका.

जागेचे थोडक्यात. क्लास वरच्या मजल्यावर असेल तर आठवड्यातले दोन दिवस तरी तळमजल्यावरची एखादी खोली, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर मिळते का ते पाहा. रॅम्प बांधायचा तर उंचीच्या बारा पट लांबी धरा. पंधरा सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर उतार लागतो. यापेक्षा चढा रॅम्प खुर्चीवरच्या मुलाला उपयोगाचा नाही आणि उतरताना धोक्याचा आहे. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. चेहरा अंधारात गेला की ओठ वाचणाऱ्या मुलाला काहीच मिळत नाही. वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, हेही पाहा. मुलींचे क्लास सुटतात ते पुष्कळदा याच कारणाने, आणि कारण सांगितले जाते दुसरेच.

आता अंध मूल आणि चित्र. इथे बहुतेक शिक्षक हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खिडकीला लावतात ती मच्छरजाळी घ्या, धातूची मिळाली तर उत्तम. पुठ्ठ्यावर किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्की करा. तिच्यावर साधा कागद ठेवून मेणखडूने दाबून रेघ ओढली की ती बोटाला खरखरीत लागते. मुलाला आपण काढलेली रेघ आपल्याच बोटाने तपासता येते, पुढची कुठून सुरू करायची ते ठरवता येते. दुसरे साधन शिंप्याकडे असते: कापडावर खुणा करायचे दातेरी चाक. कागदाखाली जुनी योगा मॅट किंवा फोमचा तुकडा ठेवून हे चाक फिरवले की मागच्या बाजूला बिंदूंची रांग उठते. मात्र ती मागे उठते, म्हणजे आकृती उलटी होते. शिक्षकाने नमुना तयार करताना चित्र आरशातल्यासारखे काढावे, नाहीतर उजवीकडे पाहणारा बैल मुलाच्या हाती डावीकडे पाहणारा येईल.

गोंदाने चिकटवलेली लोकर, पॉलिश पेपर, गोणपाट, खादीचे तुकडे यांचे कोलाज करता येते. रंगांच्या डब्यांवर ब्रेल चिठ्ठी लावा. ब्रेल येत नसेल तर एकावर रबरबँड, दुसऱ्यावर दोरा अशा खुणा करा. रंग दिसत नाही म्हणून रंग नकोच, असे ठरवू नका. हळद, गेरू, कोळसा यांचा पोत वेगळा, वास वेगळा. आणि बऱ्याच मुलांना थोडेफार दिसत असते. अशांना पिवळ्या कागदावर जाड काळा मार्कर द्या, कागद चकचकीत नको. माती तर सगळ्यांत सोपी. तीत सुद्धा ‘गणपती करा’ असे एकदम सांगू नका. जे मुलाने हातात घेऊन पाहिले आहे ते आधी करू द्या: वाटी, भेंडी, शेळीचे कान.

पाहण्याची सहल काढता तशी स्पर्शाची सहल काढा. गोपुरीच्या गीताई मंदिरात छत नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या गीताईचे अध्याय शिळांवर कोरलेले आहेत. ब्रेलवर वाढलेल्या मुलाला देवनागरी अक्षराचा आकार ठाऊक नसतो. तो बोटाने समजून घ्यायला यासारखी जागा शोधून सापडायची नाही. जाण्याआधी व्यवस्थापनाशी बोला, गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. मगनसंग्रहालय १९३८ पासून वर्ध्यात आहे. तिथल्या चरख्यांपैकी कशाला हात लावता येईल, हे आधीच विचारून ठेवा. काचेच्या पेटीसमोर उभे राहून अंध मुलाला ‘इथे चरखा आहे’ असे सांगण्यात काही अर्थ नसतो.

कुणाला हे सगळे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल, तर देवीप्रसाद जिथे शिकले त्या शांतिनिकेतनाचेच उदाहरण घ्या. तिथले चित्रकार-शिक्षक विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती आणि पुढे शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रे केली, लहान शिल्पे केली, भिंतीवर मोठे काम केले आणि शिकवत राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. अर्थात तुमच्या वर्गातले मूल विनोदबिहारी होईल म्हणून त्याला मेणखडू द्यायचा नाही. शेजारच्या मुलाला जसा काही विचार न करता देतो, तसाच द्यायचा.

संगीतात आपण अंध मुलांना पटकन सामावून घेतो. गावोगावच्या भजनी मंडळांत, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत पेटीवर किंवा तबल्यावर अंध माणूस बसलेला दिसतो. गळ्यातून गळ्यात शिकवण्याची आपली रीत त्यांना सोयीची आहे. पेटीवर खुणा करायचीही बहुधा गरज नसते; काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट बोटांना कळतात. मराठी मुलखातल्या एका मोठ्या संगीतशिक्षकाची सुरुवातच पाहा ना. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून शाळा सोडून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेला. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याचे शिक्षण घराणेदार गुरूच्या दारातून वर्गात आणले.

अडते ते परीक्षेशी. गाणे येते, पण शास्त्राचा पेपर लिहायचा असतो. इथे दोन गोष्टी करा. नोट्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. युनिकोड मराठीत टाइप करून पाठवा. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक टाइप केलेला मजकूर वाचून दाखवतो, फोटोतल्या हस्ताक्षरापुढे तो बहुधा अडखळतो. आणि लेखनिक व वाढीव वेळ यांची लेखी मागणी परीक्षेचा अर्ज भरतानाच करा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जास्त देण्याची पद्धत आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणारे पालक बहुधा रिकाम्या हाताने परततात.

कर्णबधिर मुलाला संगीताच्या तासाला ग्रंथालयात पाठवण्याची चाल मोडा. ताल हा ऐकण्याइतकाच अंगात जाणवण्याचाही असतो. लाकडी पाट किंवा बाक जमिनीवर ठेवून त्यावर ढोलकी ठेवा आणि मुलाचा तळहात त्या पाटावर टेकवा. सम कुठे येते ते त्याला समजते. लेझीम तर अशा मुलासाठी फार चांगली, कारण पुढच्या माणसाच्या हालचालीवरून ती पकडता येते. म्होरक्या समोर दिसेल अशी जागा त्याला द्या, मात्रा बोटांवर दाखवा. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ढोलताशाचा मोठा आवाज त्रासाचा होतो, हे ध्यानात ठेवा. एखाद्या कर्णबधिर मुलीला संगीत आवडणार नाही, तर नाही आवडणार. तिला तो नकार देता यावा, इतकी संधी आधी मिळायला हवी.

चित्रकलेच्या तासाला तिच्याशी बोलायचे कसे? फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी दाखवा, मग करू द्या. करता करता ती मान वर करणार नाही, त्या वेळी दिलेली सूचना वाया जाते. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजारांवर शब्दांचा व्हिडिओ कोश इंटरनेटवर फुकट आहे. रंग, आकार, ‘थांब’, ‘अजून’, ‘छान’, ‘पुन्हा’ इतक्या खुणा सगळ्या वर्गाने शिकाव्यात. मुले त्या शिक्षकापेक्षा लवकर शिकतात.

हातांची अडचण असलेल्यांसाठी बाजारात महागडी साधने मिळतात, पण गावात काम भागते. ब्रशच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की मूठ जाड होते. रबरी चेंडूला भोक पाडून त्यातून ब्रश घातला तर बोटे न वळणाऱ्या हातालाही तो धरता येतो. कागद चारी कोपऱ्यांनी चिकटवा. पाण्याचे भांडे जड आणि बसके घ्या. टेबलाखाली खुर्चीची चाके जातात का पाहा, नाहीतर फळी मांडीवर द्या. पायाने किंवा तोंडात ब्रश धरून काढणाऱ्याचा ब्रश त्याचाच असावा, इतरांनी वापरू नये, रंग विषारी नसावा.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांची काळजी वेगळी असते, आणि या जिल्ह्याला तिचा अनुभव जुना आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. तिथे रुग्ण शेती करत, सूत कातत, विणत. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची कुटी आजही आहे. त्यांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. अशा हाताला चटका आणि काप कळत नाही. म्हणून ग्लू गन, तापलेली इस्त्री, बाटिकचे वितळलेले मेण देऊ नका. औजारांच्या दांड्यांना कापड गुंडाळा आणि काम संपल्यावर तळहात, बोटे नजरेने तपासायची सवय लावा. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्या म्हाताऱ्यांनाही हेच लागू आहे. महिला मंडळांच्या हस्तकला वर्गांनी हे जरूर वाचावे.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी साधनांपेक्षा क्रम महत्त्वाचा. आज काय काय होणार, याची चार चित्रे भिंतीवर क्रमाने लावा: एप्रन, माती, धुणे, घरी. काम संपले की ते चित्र काढून घ्या. एका वेळी एकच सूचना द्या. गोंद बोटाला लागला की काही मुले किंचाळतात; त्यांना ब्रश द्या, ‘हात घाण झाले तरच कलाकार’ असला विनोद करू नका. आणि त्यांच्या हातावर हात ठेवून सुंदर चित्र पूर्ण करून घेऊ नका. ते चित्र तुमचे असते. पालकसभेत लावायला ते बरे दिसेल, पण मुलाला त्यातून मिळाले काही नाही.

इथून गॅदरिंगकडे येतो, कारण वर्षभराच्या चांगल्या कामावर एका संध्याकाळी पाणी पडते ते तिथेच. दिव्यांग मुलाचा कार्यक्रम वेगळा, शेवटी, करुण सुरावटीत ठेवायचा आणि निवेदकाने गहिवरायचे, ही पद्धत बंद करावी. शेजारच्या वरोऱ्याला आनंदवनात विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद आपल्याकडे पुष्कळांनी ऐकला आहे. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांच्या त्या संस्थेतले कलाकार रंगमंचावर येतात ते दया मागायला येत नाहीत. तालमी करून येतात. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी १९ अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक बसवले. नाटक कसे झाले याची चर्चा व्हावी, कलाकार कसे आहेत याची नव्हे. तुमच्या मुलांनाही हाच न्याय लावा. चुकले तर पुन्हा करायला सांगा.

व्यवहारात: रंगमंचाच्या कडेपासून दोन हात अलीकडे सतरंजीखाली जाड दोरी ठेवा, म्हणजे अंध नटाच्या पायाला कड कळते. तालीम त्याच मंचावर निदान दोनदा घ्या. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी नाचात असेल तर बाकीच्यांनीही बसून काही हालचाली कराव्यात. नृत्यरचना तिच्याभोवती फिरवण्यापेक्षा तिच्यासकट बसवा. प्रेक्षकांतही दिव्यांग असतात. सांकेतिक भाषेचा दुभाषा असेल तर त्याला संहिता आधी द्या आणि उजेडात उभे करा. अंध प्रेक्षकाशेजारी एकाने बसून संवादांच्या मधल्या जागी काय घडते ते हळू आवाजात सांगावे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात नाट्य-चित्रपट शिकवणारा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले तर त्यांचेही शिक्षण होईल.

सणांना विसरू नका. तान्हा पोळा हा विदर्भातल्या पोरांचा कलामेळाच असतो, आणि सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा पाहायला दुरून लोक येतात. लाकडी नंदी सजवणे हे स्पर्शाचे काम आहे: झूल, घुंगरू, बेगड, शिंगांचे गोंडे. स्पर्धेच्या मंडळांनी नंदी घेऊन उभे राहायच्या रांगेत चाकाच्या खुर्चीला जागा ठेवावी आणि परीक्षकांना आधीच सांगावे की गुण सजावटीला आहेत, सरळ रेघेला नाहीत.

गुण देण्याचे तेच तत्त्व शाळेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचे गुण दहावीला मिळतात, म्हणून दिव्यांग मुलांचे पालकही त्यांच्याकडे आशेने पाहतात. तिथले नियम शिक्षकाच्या हाती नाहीत. वर्गातले मूल्यमापन मात्र पूर्ण त्याच्या हाती आहे. गेल्या महिन्यात काय केले आणि या महिन्यात काय केले, हे शेजारी ठेवा. साधने स्वतः निवडली का, काम शेवटास नेले का, दुसऱ्याच्या कामाबद्दल काही म्हटले का, हे लिहा.

पैशाचा प्रश्न निघेलच. वर सांगितलेल्या बहुतेक वस्तू हार्डवेअरच्या दुकानात आणि शिंप्याकडे मिळतात. त्याहून जास्त लागले, रॅम्प, तबला, मोठ्या प्रमाणात चिकणमातीची सोय, तर ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो पुष्कळदा वर्षअखेरीस एकरकमी वाटून संपतो. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून कलासाहित्याची मागणी लेखी द्यावी, सोबत कलम २९चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना गणित-भाषेबरोबर चित्रकलेच्या तासालाही बोलवा. कुणी बोलावतच नाही, म्हणून ते येत नाहीत. पुढची ग्रामसभा लागण्याआधी हा अर्ज तयार ठेवा, आणि त्यावर मुलाच्या आईचीही सही घ्या.